‘भारत–पॅलेस्टाइन’ टपाल तिकिटांचं पाकीट : तिकिटं चांगली, माहितीची पानं भरवशाची नाहीत

पाचपैकी तीन तारे. त्यातले अडीच तिकिटांना, अर्धा पॅकिंगला. सोबत आलेल्या माहितीच्या पानांना मी काहीच दिलेलं नाही. ती पानं लोक जशीच्या तशी प्रदर्शनाच्या फ्रेममध्ये (तिकिटं आणि माहितीची पानं मांडायच्या चौकटीत) लावतील आणि परीक्षक गुण कापतील, अशी मला धास्ती आहे, म्हणून त्यांच्याबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे.

आधी वस्तू काय ते सांगते. विषयवार पाकिटं बांधून ऑनलाइन विकणारे बरेच झालेत. त्यातल्याच एकाकडून हे ‘भारत–पॅलेस्टाइन मैत्री’ नावाचं पाकीट मागवलं. किंमत १,८५० रुपये, स्पीड पोस्ट धरून. विक्रेत्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माणूस बोलायला चांगला आहे, आणि अशीच पाकिटं आणखीही काहीजण विकतात, त्यामुळे जे लिहितेय ते सगळ्यांनाच लागू पडेल. आत आठ कप्प्यांची दोन पानं, काळ्या माउंटमध्ये तिकिटं, एक फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघालं त्या दिवसाचा शिक्का असलेला लिफाफा) आणि छापील मजकुराची सहा पानं. मला सोळा पानांची एक फ्रेम करायची होती, भारत आणि पॅलेस्टिनी लोक या विषयावर. निम्मं साहित्य एकदम हाताशी येईल या आशेने घेतलं.

पॅकिंग उत्तम. दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठा, कोपऱ्यांना टेप, प्लास्टिकच्या पिशवीला हवा जायला जागा. पावसाळ्यात आलं तरी एकही तिकीट चिकटलेलं नव्हतं.

आता पाकिटाचा जीव कशात आहे ते. पहिला कप्पा : १५ पैशांचं नेहरूंचं तिकीट, मूळ १९६४ चं, वर लाल अक्षरांत ‘यूएनईएफ’ असा ओव्हरप्रिंट, म्हणजे तयार तिकिटावर नंतर केलेली छपाई. जानेवारी १९६५ मध्ये हे खास गाझातल्या भारतीय सैनिकांसाठी काढलं होतं. सुवेझच्या लढाईनंतर, १९५६ च्या शेवटी, संयुक्त राष्ट्रांनी इजिप्त आणि इस्रायल यांच्यामध्ये उभी केलेली शांतिसेना म्हणजे यूएनईएफ. तिच्यात आपल्या बटालियन होत्या आणि दोनदा तिचं नेतृत्वही आपल्याकडे होतं. आधी जनरल ज्ञानी आणि अखेरीला मेजर जनरल इंदरजित रिखी. म्हणजे गाझाच्या वाळूत बसलेला आपला जवान घरी पत्र टाकायचा ते भारतीय तिकीट लावून, भारतीय फील्ड पोस्ट ऑफिसमधून, म्हणजे फौजेच्या तळावरच्या टपाल कार्यालयातून. परदेशात, आणि त्यातही गाझात, भारताचं टपाल खातं चालू होतं हे आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं.

तिकीट मिंट (न वापरलेलं) आहे, मागचा गम शाबूत, हिंजची (अल्बममध्ये चिकटवायच्या कागदी पट्टीची) खूण नाही, सेंटरिंग म्हणजे चित्र किंचित डावीकडे. ओव्हरप्रिंट भिंगाखाली पाहिला. अक्षरांच्या कडा स्वच्छ आहेत, शाई कागदात मुरलेली आहे, कडेच्या दातांखाली रंग पसरलेला नाही. हे तिकीट तसं महाग नाही, त्यामुळे खोटा ओव्हरप्रिंट करून कुणाला फारसं काही मिळणार नाही, पण तपासायची सवय असावी. माझी तक्रार निराळी आहे. प्रदर्शनात असं कोरं तिकीट लावलं की परीक्षक म्हणतात, ठीक आहे, पुढे? वजन येतं ते वापरलेल्या लिफाफ्याला. गाझातल्या फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का, तारीख वाचता येईल असा, आणि पत्ता सातारा नाहीतर जालंधर. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, “ताई, तसलं कव्हर एकट्याचंच या अख्ख्या पाकिटाएवढं होईल.” बरोबर आहे त्याचं. पण मग पाकिटाच्या जाहिरातीत ‘प्रदर्शनासाठी तयार’ असं लिहू नये.

याच कप्प्याखालचा मजकूर म्हणतो की ही शांतिसेना ‘काम पूर्ण करून’ १९६७ मध्ये परतली. छे! मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी सेना काढून घ्यायला सांगितली, ती निघायच्या तयारीत असतानाच ५ जूनला युद्ध पेटलं आणि गाझात अडकलेले आपले जवान त्यात मारले गेले. याला काम पूर्ण करणं म्हणतात का? मी ते पान काढून टाकलं आणि स्वतः लिहिलं. लिहिताना मे २०२४ आठवला. रफाहमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या गाडीवर हल्ला झाला आणि भारतीय लष्करातून निवृत्त झालेले एक कर्नल गेले. त्यांचं कुटुंब पुण्याचं, अंत्यसंस्कारही पुण्यातच झाले. फ्रेममध्ये हे येणार नाही, त्याला तिकीट नाही. पण गाझा म्हणजे आपल्याला काय, असं म्हणणाऱ्यांना सांगायला बरं.

दुसरा आणि तिसरा कप्पा मिळून पाकिटाचे खरे पैसे वसूल होतात. एक रुपयाचं १९८१ चं तिकीट, पॅलेस्टिनी जनतेबद्दल एकजूट दाखवणारं, भारताचा आणि पॅलेस्टिनींचा असे दोन झेंडे. एक मिंट आणि सोबत पहिल्या दिवसाचा लिफाफा, टपाल खात्याच्या माहितीपत्रकासह. रंग अजून ताजे आहेत. लिफाफ्याला मात्र उजव्या कडेला पिवळट डाग पडलेत, ते फोटोत दिसत नव्हते, किंवा फोटो अशा कोनातून काढला होता की दिसू नयेत.

शिक्क्यावरची तारीख बघा : २९ नोव्हेंबर १९८१. मी सहज जुनं कॅलेंडर काढून पाहिलं, तर तो रविवार. सुट्टीच्या दिवशी तिकीट काढलं, कारण तारीख हलवून चालणार नव्हती. २९ नोव्हेंबर हा संयुक्त राष्ट्रांनी १९७७ मध्ये ठरवलेला पॅलेस्टिनी एकजूट दिन, आणि तो या तारखेला का, तर १९४७ मध्ये याच दिवशी आमसभेने पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला, १० जण तटस्थ राहिले.

इथे माहितीच्या पानांतली सगळ्यात मोठी चूक आहे. त्यात लिहिलंय की भारत त्या दिवशी तटस्थ राहिला. अहो, भारताने विरोधात मत दिलं होतं! त्या १३ जणांत आपण आहोत. इतकंच नाही, त्याआधी संयुक्त राष्ट्रांची जी अकरा देशांची समिती पॅलेस्टाइनला जाऊन आली, तिच्यात भारताचे सर अब्दुर रहमान होते. इराण, युगोस्लाव्हिया आणि भारत या तिघांनी मिळून वेगळी योजना मांडली. फाळणी नको, एकच संघराज्य असावं आणि त्यात अरब व ज्यू असे दोन घटक असावेत. ऑगस्ट १९४७ मध्ये स्वतःची फाळणी होऊन चार महिनेही झालेले नाहीत, आणि आपण दुसऱ्याची फाळणी नको म्हणतोय. या एका गोष्टीवर अख्खं पान व्हायला हवं होतं. तिथे ‘तटस्थ’ असं एक ओळीत उडवून लावलंय.

दुसरी चूक त्याच पानावर, खालच्या बाजूला. ‘१९७४ मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता, त्यानिमित्त १९८१ चे तिकीट.’ सात वर्षांनी निमित्त? यूपीएससीची तयारी करणारा माझा भाचा हे वाचून हसला, कारण त्यांच्या क्लासमध्ये हाच घोळ दर बॅचला होतो म्हणे. क्रम असा आहे. १९७४ मध्ये भारताने पीएलओला, म्हणजे पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला, पॅलेस्टिनी जनतेची एकमेव कायदेशीर प्रतिनिधी मानलं, आणि असं करणारा तो पहिला अरबेतर देश. १९७५ मध्ये पीएलओचं कार्यालय दिल्लीत उघडलं. मार्च १९८० मध्ये त्या कार्यालयाला पूर्ण राजनैतिक दर्जा दिला. १९८१ चं तिकीट या टप्प्यावरचं आहे. राज्य म्हणून मान्यता त्यानंतर सात वर्षांनी, १८ नोव्हेंबर १९८८ ला. अल्जिअर्समध्ये १५ तारखेला पॅलेस्टाइन राज्याची घोषणा झाली आणि तिसऱ्या दिवशी भारताने मान्यता दिली.

हा क्रम लक्षात घेतला की १९८१ चं तिकीट हातात घेताना वेगळंच वाटतं. त्यावर जो दुसरा झेंडा आहे तो त्या वेळी कुठल्याही देशाचा झेंडा नव्हता. ज्यांना जमीन नाही, टपाल नाही, त्यांचा झेंडा भारत सरकारने एक रुपयाच्या तिकिटावर आपल्या झेंड्यासोबत छापला आणि तो लाखो लिफाफ्यांवरून फिरेल अशी सोय केली. परराष्ट्र खात्याच्या पत्रकांत शब्द मागे-पुढे करता येतात. तिकीट एकदा छापलं की मागे घेता येत नाही. माझ्यापुरतं बोलायचं तर याच एका तिकिटासाठी मी पाकीट घेतलं, आणि त्याबद्दल पस्तावा नाही.

चौथा कप्पा म्हणजे १९८३ च्या दिल्लीतल्या अलिप्ततावादी परिषदेची तिकिटं. मी म्हणेन, ही इथे शोभतात. पीएलओचे प्रमुख यासर अराफत आले होते, इंदिराजींना ते बहीण म्हणायचे. माजी परराष्ट्रमंत्री नटवर सिंग यांनी सांगितलेला किस्सा बऱ्याच जणांना माहीत असेल. आपल्याआधी जॉर्डनच्या प्रतिनिधीला बोलायला दिलं म्हणून अराफत रुसले आणि विमान तयार ठेवा म्हणाले. मग फिडेल कास्त्रोंनी त्यांना बोलावून घेतलं, इंदिराजी तुमच्या मैत्रीण आहेत ना, मग मोठ्या बहिणीच्या कार्यात असं करतात का, अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं आणि रुसवा गेला. माहितीच्या पानांत याचा पत्ता नाही. त्याऐवजी परिषदेला आलेल्या देशांची लांबच लांब यादी, तीही अपुरी.

पाचव्या कप्प्यात ब्रिटिश अमदानीतल्या पॅलेस्टाइनची दोन वापरलेली तिकिटं. इंग्रजी, अरबी, हिब्रू अशा तीन लिप्यांतलं नाव. दिसायला छान, विषयाला निरुपयोगी. सहाव्यात अराफत आणि इंदिराजींचा एकत्र फोटो असलेलं एक रंगीत चिठोरं. मागे गम नाही, किंमत छापलेली नाही, कुठल्या टपाल खात्याचं नाव नाही. खासगी लेबल आहे ते, कुणीतरी संगणकावर करून कंगोरे पाडलेले. ते पाकिटात ‘दुर्मीळ’ म्हणून होतं. फोन केला तेव्हा विक्रेता म्हणाला, “ताई, ते मलाही लॉटमध्येच आलं.” दोनशे रुपये परत केले, कटकट केली नाही. तरी ज्याला हे ओळखता येत नाही असा नवखा संग्राहक ते जपून ठेवेल, म्हणून सांगते.

सातवा कप्पा मला अनपेक्षित होता आणि पाकिटातली दुसरी चांगली गोष्ट इथे आहे. पॅलेस्टिनी प्राधिकरणाची सुरुवातीची तिकिटं, आधी ‘मिल’मध्ये किंमत छापलेली आणि वर ‘फिल्स’ असा ओव्हरप्रिंट. इस्रायल आणि पीएलओ यांच्यातल्या ओस्लो करारानंतर प्राधिकरणाने (पॅलेस्टिनींच्या मर्यादित स्वशासनाच्या सरकारने) १९९४ मध्ये पहिली तिकिटं काढली, ती मिल या नाण्यात. ब्रिटिश काळातल्या पॅलेस्टाइन पौंडाचे हजार मिल व्हायचे. इस्रायलने हरकत घेतली, हे जुन्या देशाचं चलन झालं म्हणून, आणि १९९५ मध्ये त्यांच्यावर फिल्स छापावं लागलं. तिकिटावर देश म्हणून काय लिहायचं तेही करारात बांधून दिलेलं होतं : पॅलेस्टिनी प्राधिकरण अशा धर्तीचं नाव, किंमत, विषय, बस्स. एका चिटोऱ्यावरच्या नाण्याच्या नावावरून दोन सरकारं भांडतात, याचा पुरावा म्हणजे ही तिकिटं. ओव्हरप्रिंट जरा वर सरकलेला आहे, पण ते या तिकिटांत चालतं.

पण मग यात भारत कुठे? तो आठव्या कप्प्यात येतो, आणि माहितीची पानं लिहिणाऱ्याला हा धागा दिसलेलाच नाही. आठव्यात २०१९ चं गांधीजींचं तिकीट आहे, पॅलेस्टाइनने काढलेलं, गांधीजींच्या १५० व्या जयंतीनिमित्त. प्राधिकरणाचं मुख्यालय असलेल्या रामल्लाहमध्ये तिथल्या दूरसंचार मंत्र्यांनी आणि आपल्या प्रतिनिधींनी त्याचं प्रकाशन केलं. गांधीजींवर जगभरच्या देशांनी तिकिटं काढलीत, त्यामुळे एकटं पाहिलं तर हे त्यातलंच आणखी एक. सातव्या कप्प्याशेजारी ठेवून पाहिलं की त्याचं मोल कळतं.

मधे काय घडलं? २९ नोव्हेंबर २०१२, पुन्हा तीच तारीख. आमसभेने पॅलेस्टाइनला सदस्य नसलेल्या निरीक्षक राज्याचा दर्जा दिला, १३८ बाजूने, ९ विरोधात, ४१ तटस्थ. भारत नुसता बाजूने नव्हता, ठरावाच्या सहप्रायोजकांत होता. त्या जोरावर जानेवारी २०१३ मध्ये पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांनी फर्मान काढलं की इथून पुढे सरकारी कागदांवर, शिक्क्यांवर आणि तिकिटांवर ‘पॅलेस्टाइन राज्य’ असं नाव येईल. मिलचं फिल्स करायला लागलेल्या टपाल खात्याने आपल्या तिकिटावर राज्य म्हणून नाव छापायला घेतलं, त्यामागच्या १३८ मतांत एक आपलं होतं, आणि त्याच टपाल खात्याने पुढे गांधीजींचं तिकीट काढलं. माझ्या फ्रेमचं मधलं पान हेच आहे. १९८१ चं तिकीट वर, मिल-फिल्सचं डावीकडे, गांधीजी उजवीकडे.

आता या पाकिटातून काय गाळलंय ते. नोव्हेंबर २०१२ च्याच ५ तारखेला भारत आणि इस्रायल यांनी संयुक्त तिकिटं काढली. आपल्याकडून दिवाळी, त्यांच्याकडून हनुक्का, असा दिव्यांच्या सणाचा विषय. निमित्त, राजनैतिक संबंधांना वीस वर्षं. म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला एकासोबत तिकीट आणि शेवटी दुसऱ्यासाठी ठराव. यावरून भारताचं धोरण दुतोंडी म्हणायचं की शहाणपणाचं, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी त्याला दोन्ही घरं धरून राहणं म्हणते आणि त्यात मला फारसं गैर वाटत नाही. पण ही जोडी दाखवल्याशिवाय विषय पुरा होत नाही. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, “ताई, ते इस्रायलच्या पाकिटात आहे, ते वेगळं.” वेगळं कसं? १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली, पूर्ण राजनैतिक संबंध जोडायला मात्र १९९२ चा जानेवारी उजाडला, आणि मधली चार दशकं दिल्लीचं मन कुठल्या बाजूला होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एकाची पानं काढून दुसऱ्याचं पुस्तक लिहिता येत नाही. मी ती जोडी सुट्टी घेतली, स्वस्तात मिळाली.

माहितीच्या पानांच्या उरलेल्या चुका पटापट सांगते, कुणाला दुरुस्त करून वापरायची असतील तर. भारताचं प्रतिनिधी कार्यालय ‘१९९६ मध्ये रामल्लाह येथे’ उघडलं असं लिहिलंय. ते जून १९९६ मध्ये गाझात उघडलं, रामल्लाहला हललं २००३ मध्ये. पंतप्रधानांचा ‘इस्रायल व पॅलेस्टाइन दौरा, २०१७’ असा मथळा आहे. तसा दौरा झालाच नाही. जुलै २०१७ मध्ये मोदी फक्त इस्रायलला गेले. रामल्लाहला गेले १० फेब्रुवारी २०१८ ला, तेही तेल अवीवमार्गे नव्हे तर अम्मानहून जॉर्डनच्या हेलिकॉप्टरने. रामल्लाहला जाणारे ते पहिले भारतीय पंतप्रधान. दोन्हीकडे एकाच दौऱ्यात जाऊन आले ते राष्ट्रपती प्रणव मुखर्जी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, जॉर्डनही त्यातच. या दौऱ्यांच्या तपशिलातच धोरण बदलल्याचं दिसतं. आधी दोघांना एकत्र भेटायचं, मग एकेकाला वेगळं. पानं लिहिणाऱ्याने दोन्हीची खिचडी केली आहे.

२०१८ च्या त्या भेटीत बेत साहूरला रुग्णालय बांधून देण्यासह मदतीचे करार झाले. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला, यूएनआरडब्ल्यूएला, भारत वर्षाला साडेबारा लाख डॉलर द्यायचा, ते त्याच वर्षापासून ५० लाख झाले. गाझाच्या अल-अझहर विद्यापीठात आपण नेहरूंच्या नावाचं ग्रंथालय दिलं होतं, देर अल-बलाहच्या तंत्र महाविद्यालयात गांधीजींच्या नावाचं. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर गाझातल्या विद्यापीठांची काय गत झाली ते आपण टीव्हीवर पाहिलंच. पानांत या ग्रंथालयांचा उल्लेख आहे, वर्तमानकाळात आहे, आणि वाचताना तो ‘आहे’ टोचतो. छापून झाल्यावर कुणी तपासलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

पानं २०१८ ला संपतात. त्यानंतरचं मला स्वतः जोडावं लागलं, आणि खरं सांगायचं तर ते जोडणं सोपं नव्हतं, कारण तिथे आपलं तळ्यात-मळ्यात चालू आहे. आमसभेत २७ ऑक्टोबर २०२३ च्या गाझाविषयीच्या ठरावावर भारत तटस्थ. १२ डिसेंबरला युद्धबंदीच्या ठरावाच्या बाजूने. मे २०२४ मध्ये पॅलेस्टाइनच्या सदस्यत्वाला अनुकूल मत, सप्टेंबरात इस्रायलचा ताबा संपवायच्या ठरावावर पुन्हा तटस्थ. १२ जून २०२५ ला युद्धबंदीच्या ठरावावर तटस्थ, आणि बरोबर तीन महिन्यांनी, १२ सप्टेंबरला, दोन राज्यांच्या तोडग्याला पाठिंबा देणाऱ्या घोषणापत्राच्या बाजूने. मी ही मतं एका तक्त्यात मांडली, खाली शेरा लिहिला नाही. परीक्षक निवृत्त टपाल अधिकारी असतात, त्यांना शेरे आवडत नाहीत आणि मला गुण हवे आहेत.

एक गोष्ट तक्त्याबाहेर मात्र लिहिली. पानांत ‘पॅलेस्टाइनची स्वतंत्र टपाल सेवा’ असा झोकदार मथळा आहे. स्वतंत्र कसली? ऑगस्ट २०१८ मध्ये जॉर्डनमध्ये अडकून पडलेलं साडेदहा टनांचं टपाल इस्रायलने वेस्ट बँकेतल्या जेरिकोला जाऊ दिलं. २०१० पासूनची पत्रं आणि पार्सलं होती त्यात, कुणाची औषधं, कुणाच्या चाकाच्या खुर्च्या. टपाल कर्मचारी ढिगाऱ्यात बसून वर्षानुवर्षांपूर्वीचे पत्ते लावत होते. तिकीट छापता येणं आणि पत्र पोचवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात सांगायचं नाही तर कुठे सांगायचं?

तर घ्यावं का? नवीन सुरुवात करणाऱ्याने १९८१ चं तिकीट आणि यूएनईएफ वालं सुट्टं घ्यावं, दोन्ही कुठल्याही जाणत्या विक्रेत्याकडे मिळतात. ब्रिटिश काळातली, लेबल आणि छापील पानं यांचे पैसे वाचतील. ज्याला मिल-फिल्सचा संच आणि गांधीजींचं तिकीट शोधायचा कंटाळा आहे त्याने पाकीट घ्यायला हरकत नाही, मात्र विक्रेत्याला आधीच सांगावं की लिफाफ्याचा फोटो उजेडात, मागून-पुढून दोन्हीकडून पाठव. मी चुकांची यादी त्याला पाठवली आहे. “पुढच्या छपाईत बघू ताई,” म्हणाला. पुढची छपाई आली की त्यातलं १९४७ चं पान आधी उघडून बघा, तिथे ‘तटस्थ’ दिसलं तर पुढे वाचायची गरज नाही.

आणि एक मागणी. गाझातल्या भारतीय फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असलेलं, १९६५ ते ६७ मधलं कव्हर कुणाच्या घरी पडून असेल, आजोबा-काका फौजेत असतील, तर कळवा. डाग चालतील, फाटलेलं चालेल, फक्त तारीख वाचता आली पाहिजे. बदल्यात १९८१ च्या तिकिटाचा चारचा ब्लॉक (एकत्र जोडलेली चार तिकिटं) देते, कडेच्या कोऱ्या मार्जिनसकट.